स्प्रिंट, ऑलिंपिक झालं, आता हाफ. वेग कसा ठरवायचा?

दमछाक
मंडळी, नमस्कार. स्प्रिंट आणि ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉन करून झाल्या, आता हाफला नाव नोंदवलंय. १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणे. आतापर्यंत धोरण सोपं होतं, जमेल तितकं जोरात. ऑलिंपिकला ते कसंबसं निभावलं. हाफला निभणार नाही हे कळतंय, पण नेमकं किती हात राखून जायचं ते कळत नाही. सायकलचा एफटीपी २०० वॅट, नुसतं १० किमी धावलो तर ५० मिनिटं, पोहताना १०० मीटरला साधारण २ मिनिटं. जाणकारांनी आकडे सुचवावेत. "शरीराचं ऐका" हा सल्ला आधीच मिळालाय, तो सोडून काहीही चालेल.

चाकधारी
आकडे मागितलेत तर घ्या. एफटीपी म्हणजे ढोबळमानाने तासभर टिकवता येणारी ताकद. स्प्रिंटची २० किमी सायकल तासाच्या आत संपते, म्हणून तिथे १०० टक्क्यांच्या आसपास चालून जातं. ऑलिंपिकच्या ४० किमीला ९० ते ९५. हाफला ७५ ते ८३, आणि फुलच्या, म्हणजे हाफच्या दुप्पट अंतराच्या ट्रायथलॉनच्या, १८० किमीला ६५ ते ७५. तुमच्या बाबतीत हाफला १५० ते १६५ वॅट. पहिलीच वेळ आहे, १५५ धरून चला.

१५५ वर पहिला तासभर अगदी पोरखेळ वाटेल. लोक शेजारून सुसाट जातील. जाऊ द्या. सपाटीवर हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर हवेपायी खर्च होणारी ताकद साधारण एक तृतीयांशाने वाढवावी लागते. एवढा खर्च करून ९० किमीत वाचणार काही मिनिटं, आणि तीच मिनिटं पुढे धावताना दामदुपटीने परत करावी लागतात. हाफची सायकल किती जोरात मारली याचा निकाल धावण्याच्या १५व्या किलोमीटरला लागतो.

निळाई
पोहण्याबद्दल कोणी बोलतच नाही, म्हणून मी बोलते. अंतर वाढलं की पोहण्याचा वेग तुलनेने सगळ्यात कमी बदलतो. स्प्रिंटच्या ७५० मीटरला तुम्ही १:५५ ने पोहत असाल तर हाफला २:०५ ते २:१० ने पोहा, एवढाच फरक. खरा फरक सुरुवातीला पडतो. स्प्रिंटला पहिले १५०-२०० मीटर जोर लावून चांगल्या घोळक्यात शिरण्याला अर्थ आहे. हाफला तसं केलंत तर श्वास लागलेला असतानाच सायकलवर बसाल. दोन मिनिटं वाचवायला पाण्यात मारामारी करू नका. पुढच्या पोहणाऱ्याच्या पायांमागे राहा, पाण्यात त्याला कोणी हरकत घेत नाही.

चाकधारी
निळाईताईंना अनुमोदन. सायकलवर मात्र हाच प्रकार केला तर बहुतेक हौशी शर्यतींत दंड होतो. आणि टीव्हीवर ऑलिंपिक बघून वेग शिकू नका. तिथे ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने सायकल मारायला, परवानगी असते, सायकलचे घोळके असतात, मध्येच हल्ले होतात. अंतर तेच १.५, ४०, १० किमी असलं तरी खेळ निराळा.

संथ_पण_सतत
माझ्याकडे पॉवर मीटर (सायकलवर वॅट मोजणारं यंत्र) नाही, कधी नव्हतं. माझी कसोटी बोलण्याची. स्प्रिंटला एक शब्द जेमतेम फुटतो. ऑलिंपिकला दोन-तीन शब्द. हाफच्या सायकलवर छोटं वाक्य सलग बोलता आलं पाहिजे, फुलला गप्पा. हार्ट रेटवर विसंबणार असाल तर पाण्यातून आल्यावरची १०-१५ मिनिटं तो आकडा पाहू नका, तो चढलेलाच असतो. शेवटी शेवटी उन्हाने आणि पाणी कमी पडल्याने तेवढ्याच वॅटला तो पुन्हा चढतो.

दुसरी गोष्ट पोटाची. स्प्रिंट पाण्याच्या घोटावर होते, ऑलिंपिकला एक-दोन जेल (पुडीतला गोड पाक). हाफला सायकलवर ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि जोर फार लावला की पोटाचा रक्तपुरवठा घटतो, मग खाल्लेलं पचत नाही. म्हणून हाफचा वेग पायांना झेपतो तेवढाच नसतो, पोटालाही झेपावा लागतो. मी घड्याळात दर २० मिनिटांचा अलार्म लावतो. भूक लागायची वाट बघितली की उशीर झाला समजा. अर्थात हे सरावात करून पाहिलेलं असावं. शर्यतीच्या दिवशी नवीन जेल हा शुद्ध वेडेपणा.

दमछाक
सगळ्यांचे आभार. धावण्याचं काय? नुसतं १० किमी किलोमीटरला ५:०० मिनिटांनी होतं, तर हाफमधलं सायकलनंतरचं २१ किमी किती धरू?

निळाई
ताजे असताना अर्धमॅरेथॉन ५:१५ च्या आसपास जमायला हवी. सायकलनंतर ५:४०-५:४५ मिळाले तरी उत्तम. पहिले तीन किलोमीटर ५:५० पेक्षा जोरात धावायचंच नाही असं ठरवा. हे वाटतं तितकं सोपं नाही हं. आधीचे तीन तास ताशी तीसच्या आसपास वेगाने जमीन मागे गेलेली असते, त्यामुळे ट्रान्झिशनमधून (सायकल ठेवून बूट बदलायच्या जागेतून) बाहेर पडलं की आपण रांगतोय असं वाटतं, आणि घड्याळात बघावं तर ४:५०! प्रेक्षक टाळ्या वाजवत असतात ते वेगळंच. स्प्रिंटच्या ५ किमीत ही चूक खपून जाते, ऑलिंपिकला शेवटचे दोन-तीन किलोमीटर जड जातात, हाफला चालत यायची वेळ येते.

दमछाक
आणि चढ? मार्गावर दोन मोठे चढ आहेत, तिथे १५५ धरून बसलो तर सायकल उभीच राहील.

चाकधारी
चढावर थोडं वर जा, १७५-१८० पर्यंत. वेग कमी असल्याने तिथे हवा फारसं खात नाही, लावलेला जोर वेगात उतरतो. माथा ओलांडल्यावर मात्र पायडल सैल सोडा, उतारावर जोर लावणं निव्वळ उधळपट्टी. २०० च्या वर चढावरही नको. आणि हलका गिअर आहे ना? मोठी कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरच्या चकत्यांचा संच) नसेल तर महिनाभर आधी बसवून घ्या, म्हणजे सरावाच्या लांब राइड तिच्यावरच होतील.