फुकट कोर्स आहेत, मग खान्देशातले प्रोजेक्ट अडतात कुठे?

तापीकाठ
‘पांझरा ते पुणे’ यांची परवाची पोस्ट वाचून गप्प बसवत नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. त्यांचं म्हणणं असं: एनपीटीईएलची इंजिनीअरिंगची ऑनलाइन लेक्चर फुकट, सॉफ्टवेअर शिकवणारं स्पोकन ट्युटोरियल मराठीतूनही आहे, शोधगंगेच्या साइटवर पीएच.डी. प्रबंधांचा ढीग आहे, गूगलच्या कोलॅबवर जीपीयू (जड गणितं करणारा प्रोसेसर) मिळतो, तरी आपल्याकडची फायनल इयरची पोरं मार्च आला की प्रोजेक्ट विकत आणतात. म्हणजे हा निव्वळ आळस आणि नियोजनशून्यता. सोबत त्यांनी वर्षभराच्या प्लॅनिंगचा तक्ताही दिलाय, त्यात दिवाळीच्या सुट्टीत ‘बॅकलॉग भरून काढा’ असं आहे.

मी भुसावळला नोकरी करतो, संध्याकाळी ओळखीच्या पोरांचे प्रोजेक्ट बघतो. आळशी पोरं आहेत, ती सगळीकडे असतात. पण मेहनती पोरांचंही जिथे अडतं ती जागा या पोस्टमध्ये आलेलीच नाही. विषय निवडतानाच अडतं. जुलैत ग्रुप पडतात, ऑगस्टमध्ये सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा, द्यायची असते, आणि डेटा आयता मिळतो म्हणून विषय ठरतो ‘पानावरील रोगाची ओळख’. डेटासेट, म्हणजे फोटोंचा साठा, कुठला? प्लँटव्हिलेज. पानांचे ५४ हजारांवर फोटो, १४ पिकं. त्यात सफरचंद आहे, ब्लूबेरी आहे, स्ट्रॉबेरी आहे. केळी नाही, कापूस नाही! यावल-रावेरची पोरं, घरी केळीची बाग, आणि ब्लॅक बुकात (प्रोजेक्टच्या बांधलेल्या रिपोर्टात) सफरचंदाच्या पानावरचे डाग.

बरं, ते फोटो साध्या पार्श्वभूमीवर एकेक पान ठेवून काढलेले. याच डेटावरच्या २०१६ च्या गाजलेल्या संशोधन पेपरात कॉम्प्युटरने रोग ओळखण्याच्या चाचणीची अचूकता ९९ टक्क्यांवर गेली, आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली. दोन्ही आकडे त्याच पेपरात आहेत. आपल्याकडच्या रिपोर्टांत पहिलाच येतो आणि एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेला परीक्षकही, मान डोलावतो.

फुकट मिळणारं साधन आणि इथला प्रश्न यांची गाठ घालून देणारं माणूस नाही, ही अडचण आहे. त्यावर बोला.

पांझरा ते पुणे
तुम्ही माझाच मुद्दा सांगताय. दोन्ही आकडे पेपरात आहेत ना? पीडीएफ फुकट आहे ना? मग पोरं ती शेवटपर्यंत का वाचत नाहीत? मी धुळ्यातच शिकलो. घरी नेट नव्हतं, सीनियरकडून पेन ड्राइव्हवर लेक्चर आणून बघायचो. गाठ घालून देणारं माणूस मलाही कोणी दिलं नव्हतं. मी आज मुलाखती घेतो. समोरचा मुलगा स्वतःच्या प्रोजेक्टमधल्या दोन ओळी समजावू शकत नाही, तेव्हा गावाकडचा म्हणून मला वाईट वाटतं. त्या वाईट वाटण्यातूनच पोस्ट लिहिली होती.

गाईड मॅडम
दोघांनाही एक विचारते. प्रोजेक्टला मार्गदर्शन करणाऱ्या गाईडची बाजू कोणी बघितली आहे का? माझ्याकडे सहा ग्रुप आहेत. लेक्चर, प्रॅक्टिकल, पेपर तपासणी आणि कॉलेजच्या ॲक्रेडिटेशनच्या (मानांकनाच्या) फायली हे सगळं करून मी गुरुवारी एक तास प्रोजेक्टला काढते. त्या तासाला ग्रुपमधला एकच मुलगा येतो आणि बाकीच्यांच्या सह्या घेऊन जातो. केळीवर करा, बागेत जा, फोटो काढा, हे मी दोन वर्षं सांगितलं. जानेवारीत पोरं परत आली, म्हणाली मॅडम, रोगाची पानंच मिळाली नाहीत. शेवटी प्लँटव्हिलेज.

रावेरचा बागायतदार
मी शेतकरी माणूस, मुलगी कॉम्प्युटरला आहे म्हणून हे वाचतोय. मॅडम, जानेवारीत सीएमव्ही, हा केळीचा विषाणूचा रोग, कुठून मिळणार? त्याला आमच्या इकळे हरण्या म्हणतात. तो येतो जुलै-ऑगस्टमध्ये, ढगाळ हवा आणि रिपरिप पाऊस असला की. मावा तो पसरवतो. झाड कोवळं असताना लागतो आणि लागला की आम्ही झाड उपटून बागेबाहेर नेऊन गाडतो, नाहीतर शेजारची झाडं जातात. मग जानेवारीत दाखवायला काय राहणार? पानावरच्या डागांचा करपा पाहिजे तर पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीपर्यंत या. कपाशीचं तर त्याहून अवघड. बोंडअळीमुळे फरदड, म्हणजे वेचणीनंतर तीच कपाशी पुढे, ठेवू नका म्हणून सांगतात, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाट्या उपटून रान मोकळं असतं. तुमचं वर्ष जुलैला सुरू होतं आणि आमचा रोगही जुलैलाच येतो. तुमच्या पोरांचा विषय ठरेपर्यंत आमचं झाड गाडलेलं असतं.

तापीकाठ
काका, हे मला कुठल्याच प्लॅनिंगच्या तक्त्यात सापडलं नाही. सहाव्या सेमिस्टरच्या शेवटी, म्हणजे मे महिन्यातच विषय आणि बाग ठरली पाहिजे. जुलैत फक्त फोटो. प्रत्येक फोटोला तारीख, वाण, झाडाचं वय आणि कृषी सहायकाने किंवा जाणत्या शेतकऱ्याने सांगितलेलं रोगाचं नाव. पाचशे फोटो असे जमले तरी ते ५४ हजारांपेक्षा कामाचे.

पांझरा ते पुणे
पाचशे फोटोंवर मॉडेल, म्हणजे रोग ओळखणारा प्रोग्रॅम, ओव्हरफिट होईल: तेवढे फोटो पाठ करेल, नवे ओळखणार नाही. तुम्ही पोरांना भावनेच्या भरात खड्ड्यात घालताय.

तापीकाठ
शून्यातून शिकवायला कोण सांगतंय? दुसऱ्या फोटोंवर आधी शिकलेलं मॉडेल घ्या, त्याचे फक्त वरचे थर आपल्या फोटोंवर शिकवा. आणि एका शेतातले फोटो शिकवायला, दुसऱ्या शेतातले तपासायला. एकाच झाडाचे फोटो दोन्हीकडे गेले की आकडा फुगतो. अचूकता ७० आली तरी ती खरी असेल.

पांझरा ते पुणे
शेतनिहाय विभागणीचं बरोबर आहे. तेवढं मान्य. बाकी माझं मत तेच.

सिव्हिलवाला, साक्री
तुमचं सगळं पान, फोटो आणि मॉडेल. इंजिनीअरिंग म्हणजे कॉम्प्युटरच का? पांझरा नदीवरची सिंचनाची फड पद्धत तीनशेहून जास्त वर्षं जुनी. बंधारा, कालवा, फडाला ठरलेलं पीक, पाणी सोडणारा पाटकरी. एका बंधाऱ्याचा कालवा मोजा, पाझर किती जातो काढा, पाटकऱ्याशी बोला. टेप, उंची मोजायची लेव्हल आणि एक तरंगणारी बाटली एवढ्यात प्रवाह मोजता येतो. फुकटचा जीपीयू लागत नाही. पण आमच्या पोरांना काँक्रीटमध्ये अमुक टक्के राख घाला हाच विषय वर्षानुवर्षं देतात.

जळगावचा प्रोजेक्टवाला
मी तो ‘विकणारा’. मला शिव्या देऊन झाल्या असतील तर ऐका. पोरं माझ्याकडे येतात कारण माझं दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं. माझ्याकडे सोल्डरिंग आयर्न आहे, मल्टिमीटर आहे, सुटे सेन्सर आहेत. यूट्यूब बघून पोरगा मातीच्या ओलाव्याचा दोन टोकांचा स्वस्त सेन्सर घेतो, काही आठवड्यांत टोकं गंजतात आणि रीडिंग भरकटतं. त्याला कपॅसिटिव्ह घे, त्यात उघडी धातूची टोकं नसतात, हे मी सांगतो. आपली काळी माती सुकली की भेगाळते, सेन्सर मातीपासून सुटतो, हे पण मीच सांगतो. तापमान-आर्द्रतेचा डीएचटी११ सेन्सर पन्नास अंशांपर्यंतच मोजतो. आपल्या मे महिन्यात तो प्लास्टिकच्या डब्यात घालून उन्हात टांगला की संपला विषय, त्यापेक्षा डीएचटी२२ घे. गाईडने यातलं काय सांगितलं?

गाईड मॅडम
आणि तोच प्रोजेक्ट तुम्ही चार ग्रुपना देता, रिपोर्टसकट. मी चारही वाचते. यूजीसीचे २०१८ चे नियम दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात; तुमच्याकडच्या रिपोर्टांत आभारप्रदर्शनसुद्धा सारखं असतं. तुम्हाला सेन्सरचं कळतं हे मी नाकारत नाही. मग शिकवण्याचे पैसे घ्या. तयार डबा आणि छापलेलं पुस्तक का विकता?

जळगावचा प्रोजेक्टवाला
शिकवण्याचे पैसे कोणी देत नाही, मॅडम. डब्याचे देतात. मला पण घर आहे.

शहादेकरीण
सगळे मोठे लोक बोलताय. मी आत्ता फायनल इयरला आहे. रोज गावाहून येऊन-जाऊन करते. आमची लॅब पाचला कुलूपबंद होते. लेक्चर संपतात साडेतीन-चारला. पीसीवर सॉफ्टवेअर टाकायला पासवर्ड लॅब असिस्टंटकडे, आणि तो चारनंतर दिसत नाही. पाच वाजता मुलं कॉट बेसिसवर राहतात त्या रूमवर जाऊन पुढचं काम करतात. मी गाडी पकडते. ग्रुपमध्ये चौघं, त्यात मुलगी एकटी मी. मग रिपोर्ट आणि पीपीटी माझ्याकडे येतं, हार्डवेअर त्यांच्याकडे. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नल मला सर्किट विचारणार. मी लावलेलंच नाही तर काय सांगू? माझं नियोजन कुठे चुकलं ते ‘पांझरा ते पुणे’ यांनी सांगावं.

पांझरा ते पुणे
तुमची अडचण समजते. पण घरी लॅपटॉपवर सिम्युलेशन करता येतं, टिंकरकॅड ब्राउजरमध्ये चालतं. सकाळी लवकर येऊन लॅब मागता आली असती. अडचणीत मार्ग काढणं हेही शिक्षणच आहे.

शहादेकरीण
सकाळची पहिली गाडी धरूनच मी पहिल्या लेक्चरला पोहोचते. लॅपटॉप घरी नाही, फोन आहे. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही ‘बॅकलॉग भरून काढा’ लिहिलंय. आमच्याकडे तेव्हा कापूस वेचणी असते आणि मजूर मिळत नाहीत, म्हणून मी आणि आई दोघी वेचायला असतो. आधी विचारा, मग सल्ला द्या.

गाईड मॅडम
हा सूर बरोबर नाही. लॅबमध्ये संध्याकाळी काही घडलं तर जबाबदारी कोणाची? पालक आमच्याकडेच येतात. मुलींनाच नाही, आम्ही मुलांनाही थांबू देत नाही.

रावेरचा बागायतदार
मॅडम, पालक मी आहे. माझी मुलगी लॅबमध्ये सातपर्यंत बसली तर मी घ्यायला येईन. तिने रिपोर्टच टाइप करावा म्हणून मी फी भरत नाही. जबाबदारीचं नाव सांगून कुलूप लावणं सोपं आहे. कुलपाच्या आत कोणी थांबायचं ते ठरवा ना.

गाईड मॅडम
थांबणार कोण? लॅब असिस्टंट कंत्राटी आहे, त्याला जास्तीचा पगार नाही. मी थांबू? माझी मुलगी घरी वाट बघते. तुमचा राग माझ्यावर का? जागा भरत नाहीत, त्यांच्यावर काढा.

मेकॅनिकल २००९
आमच्या वेळी वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर स्वतः थांबायचे, लेथवर हात धरून शिकवायचे. आताच्या स्टाफला...

शहादेकरीण
काका, आमच्या वेळी नको. आता काय करायचं ते बोला.

तापीकाठ
धागा लॅबच्या कुलपावर आला ते बरंच झालं, मी डेटासेटवरच अडकलो होतो. शहादेकरीण, फायनल इयरच्या टाइमटेबलमध्ये प्रोजेक्टला लोड, म्हणजे ठरलेले तास, दिलेला असतो. तो आठवडाभर एकेक तास विखुरलेला असतो. तो उचलून एका दिवशी सलग दुपार मागा. बाराला बसलात तर पाचला कुलूप लागलं तरी चालेल. आणि काम जोडीने वाटा: हार्डवेअरला दोघं, त्यात तुम्ही, रिपोर्टची प्रकरणं चौघांत. गाईडच्या सहीने लेखी.

गाईड मॅडम
सलग दुपार देता येईल. टाइमटेबल कोऑर्डिनेटर कुरकुर करेल, पण सेमिस्टरचं टाइमटेबल छापायच्या आधी सांगितलं तर जमतं. एकदा छापल्यावर नाही. कामाच्या वाटणीवर मी पहिल्या रिव्ह्यूलाच सह्या घेईन. व्हायवाला ज्याने जे केलं त्याला तेच विचारा, असं एक्स्टर्नलना सांगणं मात्र माझ्या हातात नाही.

जळगावचा प्रोजेक्टवाला
ताई, शनिवारी दुकानात या. सोल्डरिंग शिकवतो, पैसे नको. रिपोर्ट विकणं मी बंद करतोय असं समजू नका.

पांझरा ते पुणे
वेचणीचं मी लिहिताना धरलं नव्हतं, तक्त्यातून दिवाळी काढतो. तरी विकत घेतलेल्या प्रोजेक्टला मी कधीच पाठिंबा देणार नाही, परिस्थिती काहीही असो.

शहादेकरीण
मी विकत घेतलेला नाही, घेणारही नाही. सलग दुपार मागणारा अर्ज सोमवारी एचओडी (विभागप्रमुख) सरांना देते, खाली आमच्या वर्गातल्या येऊन-जाऊन करणाऱ्या सगळ्या मुलींच्या सह्या. आणि मॅडम, पाचच्या कुलपाचा विषय त्याच अर्जात दुसऱ्या परिच्छेदात आहे. तो मी काढणार नाही.