डिपर मारलास, पण म्हणालास काय? (दुचाकीच्या लाइटचे अनुभव)

टिळकवाडी, बेळगाव (धागा सुरू करणारा)

गेल्या महिन्यात दिवेलागणीला मार्कंडेय नदीवरच्या एका जुन्या, अरुंद पुलाशी आलो. पलीकडच्या टोकाला एक मोटारसायकल, मागं दोन्ही अंगांना हातभर बाहेर आलेला उसाच्या वाढ्यांचा भारा. त्यानं दोनदा डिपर मारला. मला वाटलं, ‘ये बाबा, तू आधी’ म्हणतोय. घातली गाडी पुलावर. तोही आला. बरोब्बर मधोमध चाकाला चाक लावून आम्ही उभे.

“डिपर मारला न्हवं गा तुला?”

“म्हणून तर आलो की!”

“अरे, म्हणून थांबायचं असतंय!”

भारा घेऊन मागं सरणं त्याला शक्यच नव्हतं. मी पाय टेकत टेकत वीसेक फूट गाडी मागं ढकलली. तेवढ्यात माझ्या पाठीमागे आलेल्या टेम्पोवाल्यानंही डिपर मारला. त्याचा अर्थ मात्र आम्हा दोघांनाही लगेच कळला.

तीस वर्षं गाडी चालवतोय, आणि डिपर म्हणजे ‘ये’ की ‘थांब’ हे मला घरी येऊन बायकोला सांगता येईना. ट्रकच्या पाठीवर ‘रात्री डिपर वापरा’ वाचतच आपण मोठे झालो, पण ते फक्त समोरच्याच्या डोळ्यांवरचा उजेड खाली घ्या एवढंच सांगतं. निपाणी ते लोंढा, शिनोळी ते बैलहोंगल, या आपल्या टापूत दुचाकीवरून तुम्ही लाइटनं काय बोलता, काय ऐकता, ते लिहा. ऐकीव नको, स्वतःचं हवं. रस्ता कुठला तेही सांगा.

येळ्ळूर, दूध घालणारा

माझी पहिली गाडी एम-८०. तिचा लाइट इंजिनच्या फिरण्यावर. रेस सोडली की मिणमिणता, पिळली की फुलायचा. डिपरला बटण कशाला पाहिजे, नुसती मूठ पिळायची. पहाटे पाचला वडगावात गल्लीच्या तोंडाशी दोनदा मूठ पिळली की आतल्या घरातली आजी पातेलं घेऊन दारात. हॉर्न वाजवला तर शेजारचे शिव्या घालायचे. आता गाडी नवी, लाइट एकसारखा. आजी पिशवीचं दूध घेते.

उद्यमबाग, सीएनसी ऑपरेटर (घर नंदिहळ्ळी)

आमची दुसरी शिफ्ट रात्री अकराला सुटते. एका बाजूची पाचसहा पोरं मिळून निघतो. पिरनवाडी, मच्छेपर्यंत वर्दळ असते. देसूरकडं वळलं की दोन्ही बाजूंना भाताची शेतं, आणि थंडीत त्यांच्यावर धुक्याची गोधडी.

आमचा नियम असा: ज्याचा लाइट सगळ्यात कमी त्याला मधे घ्यायचं. सगळ्यात पुढं रस्ता पाठ असलेला, सगळ्यात मागं बॅटरी चांगली असलेला. मागच्यानं एकदा डिपर मारला तर ‘सगळे आहेत, चला’. लागोपाठ मारत सुटला तर ‘कोणतरी राहिला’. मग पुढच्यानं जिथं असेल तिथं थांबायचं, गाडी वळवायची नाही. हा नियम कोणी बसून केला नाही. एकदा आमच्यातला एकजण पंक्चर होऊन मागं राहिला, आम्ही गावात पोचल्यावर लक्षात आलं. तो अर्धा तास अंधारात एकटा गाडी ढकलत होता. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्यानं आम्हाला जे ऐकवलं, त्यातून नियम तयार झाला.

गंमत म्हणजे आरशात मागचा लाइट दिसला की झोप उडते. का ते सांगता येत नाही. एकटा येतो तेव्हा डोळे मिटायला लागतात.

पिरनवाडी, गॅरेजवाला

सगळे डिपरचा अर्थ विचारतायत, मी उलटं सांगतो. रस्त्यात लागोपाठ तिघांनी तुम्हाला डिपर मारला, तर ते ‘ये’ही म्हणत नाहीत आणि ‘थांब’ही नाही. तुमचा फोकस वर गेलाय. शनिवारच्या बाजाराला मागं बायको, पुढं टाकीवर पोर, दोन्हीकडं पिशव्या. मागचा शॉकअब्सॉर्बर बसतो आणि गाडीचं तोंड आभाळाकडं. तुम्ही लोवर लाइट ठेवलाय, पण समोरच्याला तो अप्परच.

दुसरं, बाहेरून आणून बसवलेले पांढरे एलईडी. साध्या गाडीत ३५/३५ वॅटचा हॅलोजन बल्ब येतो, आत दोन तारा, एक लोची, एक अप्परची. मागचा रिफ्लेक्टर त्या तारांच्या जागेवर बेतलेला असतो. तिथं दुसरंच काहीतरी खुपसलं की उजेड चारी दिशांना सांडतो. मग तुम्ही कितीही डिपर मारा, समोरच्याला फरक कळतच नाही. पोरं माझ्याकडून बसवून घ्यायला येतात. मी बसवत नाही, ती पुढच्या गॅरेजात जातात. माझं गिऱ्हाईक जातं, तेवढंच.

गाडी भिंतीसमोर उभी करा, मागं कोणालातरी बसवा आणि फोकस बघा. स्क्रू एकच असतो. पैसे मी घेत नाही.

खानापूर, निवृत्त पोस्टमन

आमच्या वेळी दिवसा कोणाचा लाइट चालू दिसला तर हात वर करून पाचही बोटांची उघडझाप करायची, हा शिष्टाचार. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा लाइट इंजिन चालू झालं की आपोआप लागतो, बंद करायला बटणच नाही. हे मला ठाऊक नव्हतं. नंदगड ते खानापूर एवढ्या अंतरात मी एका दिवसात चौदा जणांना बोटं दाखवली. पंधरावा थांबला. “काका, त्याला बटणच न्हाई.” मी ओशाळलो.

पुढच्या वर्षी मुलानं मला नवी गाडी घेऊन दिली. आता बैलहोंगलकडचे म्हातारे मला ओरडून सांगतात, “लैट हत्तैती नोडरी!” (लाइट लागलाय बघा!) मी मान डोलावतो आणि पुढं जातो. प्रत्येकाला थांबून समजावत बसलो तर पोचणार कधी?

निपाणी, तंबाखूच्या व्यापारातला

ट्रकवाल्यांच्या उजव्या इंडिकेटरवर वेगळा धागा काढा. निपाणी-चिक्कोडी रस्त्यावर मी एका ट्रकमागं होतो. डिपर मारून साइड मागितली. त्यानं उजवा इंडिकेटर दिला. ‘जा उजवीकडून’ असं समजून निघालो, तर तो खरंच उजवीकडं शेतातल्या वाटेला वळायला लागला. मी साइडपट्टीवरून थेट चरात. लागलं नाही, पण नव्या पँटचा गुडघा गेला. तेव्हापासून माझा एक निकष: इंडिकेटरसोबत हात बाहेर आला तरच जायचं.

चिक्कोडी तालुका, शाळेत शिकवते

ऊस सुरू झाला की आमच्याकडं संध्याकाळनंतर स्कूटर म्हणजे जीव मुठीत. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर पाचटासकट ऊस, मागचा लाइट असला तरी उसाखाली झाकलेला.

डिसेंबरची संध्याकाळ, परीक्षेच्या कामामुळे मला उशीर झाला होता. समोरून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानं तीनदा डिपर मारला. मला राग आला. आपल्याकडं बाई गाडीवर दिसली की उगाच लाइट मारणारे असतात, ते बायकांना विचारा. मी बघितलंच नाही त्याच्याकडं. पण त्यानं वेग कमी केला आणि डावा हात वरून खाली, वरून खाली केला, जणू उड्या मारणाऱ्या पोराला बसवतोय. मी ब्रेक दाबला. वळणापलीकडं टायर फुटलेली ट्रॉली अर्ध्या रस्त्यात उभी, ना लाइट ना दगड ना फांदी. माणसं बहुतेक जॅक आणायला गेली होती.

नुसता डिपर असता तर मी ऐकलं नसतं, हे मला मान्य करावं लागेल. डिपर म्हणजे नुसती ‘अगं!’ अशी हाक. पुढचं वाक्य हातानं बोलावं लागतं.

(धागा सुरू करणारा: हे शेवटचं वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग पुलावर तू त्याचे हात का नाही बघितलेस? भाऱ्यामागं दिसत नव्हते, एवढंच उत्तर सुचलं.)

संकेश्वर

आमच्याकडं समोरच्यानं डिपर मारला तर नव्वद टक्के अर्थ एकच: ‘मुंद पोलीस अदार’, म्हणजे पुढं पोलीस आहेत. लगेच सगळे टाकीवरचं हेल्मेट डोक्यावर चढवतात.

शहापूर, नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये

इथं उलटा घोळ आहे. हायवे कोड सांगतो की लाइट फक्त ‘मी इथं आहे’ हे कळवण्यासाठी मारायचा, त्याचा ‘या’ असा अर्थ धरू नका. प्रत्यक्षात मात्र सगळेच ‘या, तुम्ही आधी’ म्हणूनच मारतात. सुरुवातीला मी आपल्या सवयीनं ‘मी येतोय’ म्हणून लाइट दिला, आणि समोरच्या बाईंनी हात हलवून आभार मानत गाडी माझ्यापुढं घातली. दिव्याला भाषा नसते म्हणतात, पण उच्चार नक्की वेगळे असतात.

मच्छे

संकेश्वरकरांना: पोलिसांसाठी डिपर मीही मारायचो. एका रात्री असाच मारला. तो पोरगा वळून आडवाटेनं गेला. तो झिंगलेला होता, हे पुढच्या चौकात चहा पिताना लोकांच्या बोलण्यातून कळलं. त्याला काही झालं नाही म्हणे. पण मी बंद केलं. खड्डा, जनावर, अपघात यासाठीच मारतो.

संकेश्वर

हेल्मेटपुरतंच म्हणत होतो हो.

जांबोटी, हॉटेल चालवतो

चोर्ला घाटातून गोव्याकडं जाणारी पोरं आमच्याकडं चहाला थांबतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. कणकुंबीच्या पुढं पावसाळ्यात ढग रस्त्यावर बसतो. तिथं अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, काही दिसत नाही. लोवर चला. वळणावर एकदा डिपर मारा, कारण पावसात हॉर्न ऐकू येत नाही.

आणि समोरच्यानं डिपर मारून दोन्ही हातांची बोटं डोक्यापाशी शिंगांसारखी धरली, तर हसू नका. एक हैदराबादचा पर्यटक हसला होता. त्याला वाटलं इथली काहीतरी पद्धत आहे, त्यानं परत शिंगं करून दाखवली. पाचशे मीटरवर गवा उभा. आमच्या भागात गवा लाइटला बिचकून पळत नाही, उजेडाकडं बघत तिथंच थांबतो. मग डिपर मारत बसायचं नाही. लाइट खाली, गाडी उभी, इंजिन चालू, आणि त्याच्या मनात येईल तोवर वाट बघायची. त्या पर्यटकानं वीस मिनिटं वाट बघितली आणि परत माझ्याकडं चहाला आला. दोन कप प्याला.

अनगोळ

साइड स्टँडसाठी डिपर मारणाऱ्यांना काय म्हणावं? मागून मारतात! आपण आरशात बघतो, साइड देतो, तो जात नाही, परत मारतो. शेवटी शेजारून एक आजोबा सायकलवरून ओरडतात, “स्टँड! स्टँड!” ओढणीचंही तेच. चाकात जायला आलेली ओढणी लाइटनं कशी सांगणार? तोंड उघडा की.

नंदगडजवळचं खेडं, कॉलेजला आहे

आमचं घर रस्त्याच्या कोपऱ्यावर. बाबा कामावरून येताना शेवटच्या वळणावर दोनदा डिपर मारतात. तो उजेड स्वयंपाकघराच्या खिडकीतून चुलीमागच्या भिंतीवर पडतो. उजेड दोनदा हलला की आई परातीतलं पीठ थापायला घेते. गाडी लावून, हातपाय धुऊन बाबा पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असते. मला वाटायचं सगळ्यांकडं असंच असतं.

यंदा शेजारच्या दादानं नवी गाडी घेतली. तिचा लाइट आमच्या गाडीपेक्षा लख्ख, आणि वळणावरचा खड्डा चुकवताना तो नेमका दोनदा हलतो. गेल्या मंगळवारी आईची तिसऱ्यांदा फसगत झाली. बाबा दीड तास उशिरा येणार होते. आईनं खिडकीतून दादाला हाक मारली, “आता थापलीया, तूच खा.” तो आला, दोन भाकऱ्या आणि झुणका खाल्ला आणि म्हणाला, “काकू, उद्या पण ह्याच टायमाला येतोय.”