मदत हवी आहे: गंजिफाचं हरवलेलं पान

नमस्कार मंडळी. मी गिरगावात राहते. घर आवरताना आजोबांचा सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांचा संच, सापडला. गोल पानं, चकाकी अजून तशीच. पूर्ण संचात १२० पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी १२. माझ्याकडे ११९ आहेत. मत्स्याचा राजा नाही, आणि नेमकं तेच पान आजोबा मला हातात धरायला द्यायचे.

मोती तलावासमोरच्या राजवाड्यात कारागीर गंजिफा रंगवतात, हे माहीत आहे. पण एकच सुटं पान, जुन्या रंगाशी जुळवून, कोणी करून देईल का? की तिथल्या चितार आळीत, म्हणजे रंगकाम करणाऱ्या कारागिरांच्या आळीत, विचारावं? कुरिअरने पाठवायला जीव धजत नाही, नमुन्याची दोन पानं घेऊन मीच जाईन. असं काम कोणी करून घेतलं असेल तर कृपया सांगा. घाई नाही, फक्त हातानेच रंगवलेलं हवं.