मुंबईच्या धूसर हवेत वातावरण असलेला प्रकाश कधी आणि कुठे शोधावा?

बोरिवलीकर

नमस्कार. निसर्गदृश्यांचे आणि प्रवासाचे फोटो काढताना सतावणारा एक प्रश्न येथील जाणकारांपुढे मांडतो. मुंबईत राहून, म्हणजे सुट्टीच्या दिवशी शहरातच किंवा फार तर एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी, फोटोत वातावरण उतरेल असा प्रकाश नेमका कधी आणि कुठे शोधावा? सगळीकडे एकच सल्ला मिळतो, की सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तासभर, म्हणजे ‘गोल्डन अवर’, साधावा. तो मी पाळतो. परंतु डिसेंबर-जानेवारीत मरीन ड्राइव्हवर उभे राहिले तर सूर्य पाण्याला टेकण्याआधीच धुरक्यात दिसेनासा होतो आणि आकाश करडेच राहते. पावसाळ्यात तर दिवसेंदिवस असे मळभ असते की सकाळ आणि संध्याकाळ यांतला फरकही फोटोत कळत नाही. लडाखला जाऊन आलेल्या मित्राच्या फोटोंत प्रत्येक डोंगराची कडा धारदार दिसते, आणि तरीही ते मला कोरडे वाटतात. उलट सह्याद्रीतले काही फोटो असे असतात की त्यांतली हवा जणू हाताला लागते. हा फरक वेळेचा आहे, ठिकाणाचा आहे, की कॅमेऱ्यात करायच्या एखाद्या गोष्टीचा? माझ्याकडे साधा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, सोबत आलेली किट लेन्स आणि ५५-२५० मिमीची झूम लेन्स आहे. नवीन लेन्स घेण्याचा विचार तूर्त नाही, त्यामुळे कृपया तो सल्ला देऊ नये.

उतरते ऊन

फरक मुख्यतः हवेचा आहे. घड्याळ त्यानंतर येते. गोल्डन अवरचा सल्ला देणारे बहुतेक व्हिडिओ युरोप-अमेरिकेत तयार झालेले असतात आणि तिथे सूर्य तिरका, रेंगाळत उतरतो. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली जातो. क्षितिजापासून सहा अंश उंचीवर असलेल्या सूर्याला मावळायला मार्च किंवा सप्टेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये जवळपास ४० मिनिटे लागतात, मुंबईत मात्र २५ मिनिटांच्या आसपास. म्हणजे तासभर हाताशी आहे असे समजून जागेवर पोहोचणाऱ्याला चौकट शोधायलाच वेळ उरत नाही.

आता रंगाविषयी. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत जवळपास ३८ पट हवा ओलांडून आपल्यापर्यंत येतो. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या साधारण चौपट विखुरतात, म्हणून शेवटी उरतो तो तांबूस-पिवळा. मात्र हे स्वच्छ हवेचे गणित झाले. धूळ, धूर आणि दमट हवेत फुगलेले कण आकाराने बरेच मोठे असतात. ते सगळेच रंग कमी-अधिक सारखे विखुरतात आणि साऱ्या आकाशावर दुधाळ पडदा पडतो. प्रदूषणामुळे सूर्यास्त अधिक रंगतात, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे, पण हिवाळ्यात जमिनीलगत कोंडलेले धुरके रंग देत नाही, असलेला रंग खाऊन टाकते. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर जगभर दिसलेल्या लाल संध्याकाळींचा दाखला या समजुतीच्या बाजूने दिला जातो. परंतु ते कण खूप उंचावर, स्ट्रॅटोस्फियरमध्ये पसरलेले आणि अतिशय बारीक होते. रस्त्यावरच्या धुळीची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही.

तेव्हा रंग हवा असेल तर पावसाने धुतलेल्या हवेची वाट पाहावी लागते. मोसमी पाऊस मुंबईत येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर धरली जाते. या दोन टोकांच्या आसपासचे आणि मध्येच पाऊस उघडीप घेतो ते दिवस माझ्या मते वर्षातले सर्वांत मोलाचे आहेत, कारण हवा निवळलेली असते आणि ढगांचे छतही फाटलेले असते.

ढग पाहतानाही थोडे दूरचे पाहावे लागते. साधारण आठ किलोमीटर उंचीवरच्या पिंजलेल्या ढगांना खालून रंगवणारा प्रकाश पृथ्वीच्या पृष्ठभागाला आपल्यापासून तीनशे किलोमीटरहून अधिक पश्चिमेला, म्हणजे भर अरबी समुद्रात, घासून आलेला असतो. तिथे दाट ढग असतील तर दादरच्या आकाशात कितीही सुंदर ढग असले तरी ते करडेच राहतात. म्हणून दुपारी चारच्या सुमारास हवामान खात्याच्या संकेतस्थळावरचे इन्सॅट या उपग्रहाचे चित्र उघडून किनाऱ्याच्या पश्चिमेला ढगांची कड कुठे संपते ते पाहावे. वर उंच ढग आणि दूर समुद्रावर मोकळी फट असेल तर हातातले काम टाकून निघावे. सूर्य मावळला म्हणून लगेच कॅमेरा बॅगेत ठेवू नये, हेही सांगायला हवे. उंच ढगांवर रंग चढतो तो बहुधा त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत, आणि तोवर निम्मी गर्दी भेळेच्या गाडीकडे वळलेली असते.

मरीन ड्राइव्हविषयी एक गोष्ट राहिली. मुंबईत सूर्यास्ताची जागा वर्षभरात क्षितिजावर जवळपास ५० अंश सरकते. जूनमध्ये सूर्य मलबार हिलच्या आड जातो, डिसेंबरमध्ये तो नैऋत्येकडे, मोकळ्या समुद्रात उतरतो. त्यामुळे जागा जेव्हा सोयीची असते तेव्हा हवा वाईट असते आणि हवा चांगली होते तेव्हा समोर डोंगर येतो. यातून मार्ग काढायचा तर ऑक्टोबरचा मध्य साधावा.

माहीमकर

‘उतरते ऊन’ यांच्या विवेचनाशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु धुरक्याला त्यांनी दिलेली वागणूक मला जरा कठोर वाटते. मूळ प्रश्न रंगाचा नव्हताच, वातावरणाचा होता. आणि लडाखची हवा कोरडी वाटते ती ती विरळ आणि स्वच्छ आहे म्हणूनच. तिथे वीस किलोमीटरवरचा डोंगर आणि दोन किलोमीटरवरचा डोंगर डोळ्यांना सारखेच ठळक दिसतात, त्यामुळे फोटोतली खोली नाहीशी होते. आपल्याकडे प्रत्येक वस्तू अंतरानुसार फिकी होत जाते, आणि नेमकी हीच गोष्ट चित्राला खोली देते.

यासाठी सूर्याकडे तोंड करून उभे राहावे. मोठे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात, म्हणून सूर्य पाठीशी असताना जे धुरके मळकट दिसते तेच सूर्य समोर असताना उजळून निघते आणि त्यात होड्या, डोलकाठ्या, पुलाचे खांब, माणसे काळ्या आकृत्यांसारखी सुटी सुटी उभी राहतात. आपली ५५-२५० याच कामाची आहे. वाइड लेन्सने धुरके फोटोत रिकामे दिसते. लांब लेन्स त्यातला एक पट्टा कापून घेते आणि थर एकमेकांवर रचते. दादर चौपाटीवरून पश्चिमेला वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो आणि त्यामागे सूर्य उतरतो. आज तो कोणत्या खांबामागे जाणार हे सूर्याची दिशा दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये आधीच पाहून ठेवता येते, आणि चौपाटीवर पन्नास पावले इकडेतिकडे सरकून हवी ती जागा साधता येते.

हिवाळ्यात मी संध्याकाळपेक्षा सकाळ पसंत करतो. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन वरच्या उबदार हवेखाली अडकते, वारा जमिनीकडून मंद वाहतो आणि शिवडीच्या खाडीवर धुके व धूर यांचे मिश्रण पहाटे स्थिर पडून राहते. सूर्य त्यातून लालसर तबकडीसारखा वर येतो, खाली चिखलात रोहित पक्षी असतात आणि अलीकडे, जानेवारी २०२४ पासून, अटल सेतूची लांबलचक रेघ धूसर होत पूर्वेकडे गेलेली दिसते. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की हा सगळा मांडलेला डाव मोडतो. सूर्य कितीही मंद दिसला तरी डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून लांब लेन्सने त्याच्याकडे पाहू नये, स्क्रीन वापरावी.

भरती-ओहोटीकडे मात्र फोटो काढणारे आश्चर्यकारक दुर्लक्ष करतात. आमच्या माहीमच्या कोळीवाड्यात कोणालाही विचारा: अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास लागते, आणि ती खोलवर जाते. पुढे ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी सरकते. म्हणून अमावास्या, पौर्णिमा आणि त्यानंतरचा एखाददुसरा दिवस असा असतो की सूर्यास्ताच्या वेळी जुहूला किंवा अक्सा किनाऱ्यावर ओल्या वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो आणि आकाशात जो काही थोडा रंग असेल तो खालीही उमटून दुप्पट होतो. अष्टमीच्या सुमारास गेलात तर त्याच वेळी पाणी वर चढलेले असते. हे कालनिर्णयावर पाहून ठरवता येते, त्याला वेगळे अ‍ॅप लागत नाही. अक्सा येथे पाण्यात उतरू नये, हे मुंबईकरांना सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो.

बोरिवलीकर

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. तिथीचा मुद्दा तर मला कधीच सुचला नसता. तरी पावसाळ्याचा प्रश्न शिल्लक राहतोच. जुलैमध्ये ढग इतके खाली आलेले असतात की ना रंग मिळतो, ना सूर्य समोर घेता येतो. त्या दिवसांत सह्याद्रीत जाऊन काय मिळवावे? सगळे हिरवे आणि सगळे सपाट, असे फोटो मी पुष्कळ जमवले आहेत.

सह्यभटक्या

जुलैमध्ये रंगाचा नाद सोडावा आणि फक्त उजेड कुठून येतो आहे तेवढे पाहावे. भर मळभातही प्रकाशाला दिशा असते. दरीच्या कडेला, गुहेच्या तोंडाशी किंवा दाट झाडीच्या काठावर ती स्पष्ट जाणवते, कारण एका बाजूचे आकाश झाकलेले असते. कान्हेरीच्या लेण्यांत आतून बाहेर पाहिले, की ओल्या काळ्या बेसॉल्टवर उजेडाची जी कडा येते ती लख्ख उन्हात मिळत नाही. हिरव्याचा सपाटपणा ओल्या पानांवरच्या चकाकीमुळे येतो, आणि ती लेन्सपुढे लावायचा, चकाकी अडवणारा पोलरायझर फिल्टर फिरवून बरीच कमी होते. पोलरायझर ही लेन्स नाही, त्यामुळे आपल्या अटीचा भंग होत नाही असे समजतो.

माथेरानमध्ये ढग झाडांमधून वाहतात तेव्हा पॉइंटवर गर्दी करून उभे राहण्यात अर्थ नसतो, समोर पांढऱ्याखेरीज काही दिसत नाही. त्या वेळी रानातल्या लाल वाटांवर राहावे. जवळचे खोड काळे, पुढचे करडे, त्यापुढचे जेमतेम दिसणारे, असे थर तिथे पंधरा-वीस पावलांच्या अंतरात मिळतात, जे हिवाळ्यात मिळवायला लुईझा पॉइंटवरून प्रबळगडापर्यंतची दरी लागते. ढग विरळ होऊन सूर्य दिसू लागला की झाडांच्या फटींतून किरणांचे पट्टे उतरतात. ते फार टिकत नाहीत, आणि ते सूर्याच्या दिशेने पाहिल्यावरच उठून दिसतात, ज्याचे कारण माहीमकरांनी वर दिलेच आहे.

पावसाच्या उघडिपीत आणि पाऊस सरल्यावर हरिश्चंद्रगडाचा विचार करावा. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून लोक तिथे सूर्यास्तासाठी जातात, पण सकाळ अधिक दुर्मीळ काही देते. दरी धुक्याने भरलेली आणि सूर्य पाठीमागून नुकताच वर आलेला असेल, तर आपलीच सावली खालच्या धुक्यावर पडून तिच्याभोवती रंगीत वर्तुळ उमटते. त्यालाच आपल्याकडे इंद्रवज्र म्हणतात. प्रत्येकाला ते स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसते, त्यामुळे शेजाऱ्याच्या वर्तुळाचा फोटो आपल्याला काढता येत नाही. कड्याच्या टोकाशी ओणवे होऊन नव्हे, मागे सुरक्षित जागी झोपून पाहावे. तिथला वारा आणि ओलसर खडक यांची खात्री देता येत नाही.

सर्वांत चांगला प्रकाश मात्र कोणी सुचवलेला नाही, तो वळवाच्या पावसानंतरचा. एप्रिल-मे महिन्यांत जुन्नर आणि अकोले तालुक्यांच्या बाजूला दुपारनंतर ढग चढतात, गडगडाट होतो, तासाभराची सर येऊन जाते आणि ढगांच्या खालून पश्चिमेचे ऊन आडवे शिरते. महिनोन्‌महिने साचलेली धूळ खाली बसलेली असते, पूर्वेला अजून काळेभोर आभाळ असते आणि त्यावर उजळलेले एखादे पिवळे माळरान किंवा एकटी टेकडी. सूर्य ४२ अंशांहून खाली असल्यामुळे समोर इंद्रधनुष्यही येऊ शकते. अशा वेळी सगळे पश्चिमेकडे पाहत असतात. आपण पूर्वेकडे पाहावे. विजा चालू असताना मात्र माथ्यावर थांबू नये, गावातच थांबून पाऊस उतरल्यावर वर जावे. मुंबईहून कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज चढून गेले की हा मुलूख सुरू होतो, आणि एका दिवसात परत येणे शक्य आहे, जरी मी स्वतः मुक्कामच सुचवेन.

उतरते ऊन

माहीमकरांचा आक्षेप मान्य. रंग आणि खोली या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि एकाच दिवशी दोन्ही क्वचितच मिळतात. कॅमेऱ्यातल्या गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत, म्हणून तेवढी भर घालतो.

धुके किंवा पांढरे मळभ चौकटीत भरलेले असेल तर कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारी यंत्रणा, ते करडे करून टाकतो. तेव्हा एक्सपोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉपने वाढवावे आणि हिस्टोग्रामची, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाची, उजवी कड कापली जात नाही एवढे पाहावे. सूर्य समोर घेताना नेमके उलटे करावे लागते: सूर्याभोवतीचा उजेड सांभाळावा आणि आकृत्या काळ्या होऊ द्याव्यात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर असेल तर कॅमेरा संध्याकाळचा तांबूसपणा दोष समजून काढून टाकतो, म्हणून तो ‘डेलाइट’वर ठेवावा. पोलरायझर सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेला सर्वाधिक काम करतो. थेट सूर्याकडे पाहताना तो केवळ प्रकाश कमी करतो, तेव्हा काढून ठेवावा. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर बाष्प बसते. बंद बॅगेतच त्याला बाहेरच्या हवेत थोडा वेळ राहू द्यावे, मग उघडावे. आणि घरी आल्यावर फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली, धूसरता कमी करणारी ‘डीहेझ’ची पट्टी सवयीने उजवीकडे ओढू नये. ज्या धूसरतेसाठी पहाटेची लोकल पकडली, ती त्या पट्टीने सर्वांत आधी जाते. बोरिवलीकरांचे जुने रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेले प्रक्रिया न केलेले, फोटो शिल्लक असतील, तर ती पट्टी शून्यावर आणून ते एकदा पुन्हा पाहावेत असे सुचवतो.