स्वतःचा कळफलक स्वतः घडवावा का? प्रोग्रामर नसलेल्यांसाठी चर्चा

वेलांटी

मी अनुवादाचे काम करते. दिवसाचा बहुतेक वेळ विंडोजवर इनस्क्रिप्टने (भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कळफलक-रचनेने) मराठी टंकण्यात जातो आणि प्रोग्रामिंगचा माझा काडीचाही अभ्यास नाही. तरीही रोज लिहिणाऱ्या माणसाने कळफलक जसा हाती आला तसा मुकाट्याने वापरू नये, छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या फायली, लिहून तो आपल्या कामाला जुळवून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. ऑटोहॉटकी हे मोफत साधन त्यासाठी २००३ पासून आहे. त्यातली साधी आज्ञा एका ओळीची असते: डावीकडे कळ, मध्ये दोन कोलन आणि उजवीकडे ती कळ दाबल्यावर काय घडावे ते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने कॅप्स लॉक मराठी लिहिताना नुसता जागा अडवतो. माझ्याकडे तीच कळ मराठी-इंग्रजी अदलाबदल करते.

दुसरे उदाहरण ‘ॲ’चे. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकात, स्वतंत्रपणे आले ते २००८ साली, त्यामुळे जुन्या कळफलकांत त्याला जागाच नव्हती. पुष्कळ जण अजूनही ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी एक अक्षर आणि दोन चिन्हांची जोडी या वेगळ्या गोष्टी आहेत. मग दोनशे पानांच्या मजकुरात ‘ॲसिड’ शोधले, की निम्मे सापडतात आणि निम्मे निसटतात. एका ओळीच्या स्क्रिप्टने ‘ॲ’ एका कळेवर आणता येतो, आणि ही ओळ लिहायला कोणत्याही पदवीची गरज नाही.

रफार

आपला हेतू चांगला आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. इनस्क्रिप्टची आखणी १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने केली आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला, आणि मराठीत ‘क’ ज्या कळेवर आहे त्याच कळेवर तो गुजराती आणि बंगालीतही, अशी ही शिस्त आहे. तिचे मोल प्रत्येकाने आपापला कळफलक घडवण्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. बोटांना खासगी सवय लागली, की ग्रंथालयातल्या, छापखान्यातल्या किंवा टंकलेखन परीक्षेच्या केंद्रावरच्या संगणकासमोर माणूस अडखळतो, कारण तिथे आपली स्क्रिप्ट नसते.

शिवाय लोक ज्यासाठी स्क्रिप्ट लिहायला निघतात ते बरेचदा मुळातच दिलेले असते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक दाखवणारा अर्धा ‘ऱ’ कुठे सापडतो, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. ‘र’च्या कळेवर शिफ्ट दाबले की ‘ऱ’ मिळतो, त्याला हलन्त देऊन ‘य’ लिहिला की झाले. जे शिकायला पाच मिनिटे पुरतात, त्यासाठी यंत्र बदलायचे कशाला?

कार्यालयीन

संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय असल्याने एक बाजू मांडतो, जी वरच्या दोघांनीही सोडली आहे. अशी स्क्रिप्ट चालू असताना ते साधन आपण दाबलेली प्रत्येक कळ पाहू शकते, पासवर्डही त्यातच आले. साधन प्रामाणिक आहे. परंतु अनोळखी माणसाने दिलेली दोनशे ओळींची फाइल न वाचता चालवणाऱ्याला त्यातली एखादी ओळ फायली पुसते आहे की नको ते उतरवून घेते आहे, हे कळणार कसे? स्क्रिप्टचे रूपांतर स्वतंत्र चालणाऱ्या फाइलमध्ये केले, तर अँटिव्हायरस तिला हटकून पकडतो, असेही अनेकदा होते, आणि मग फोन मला येतो. स्वतः लिहिलेल्या पाच ओळी आणि उसनी आणलेली पाचशे ओळींची फाइल यांना एकच नियम लावता येणार नाही.

वेलांटी

कार्यालयीन, आपला मुद्दा मान्य आहे, किंबहुना तो माझ्याच बाजूचा आहे. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडते आणि वाचता येते. तयार विकत घेतलेल्या टंकन-सॉफ्टवेअरच्या पोटात काय आहे, हे आपल्यापैकी कोणी कधी वाचले? रफार, मी एकही मूळ अक्षर हलवलेले नाही. मोकळ्या पडलेल्या कळांवर भर घालणे म्हणजे मानक मोडणे नव्हे.

खिळेजुळारी

भर घालायचीच असेल, तर स्क्रिप्ट हे त्याचे योग्य ठिकाण नाही, असे मला वाटते. मायक्रोसॉफ्टचे कळफलक तयार करण्याचे जुने साधन अजून वापरात आहे. त्यात चित्रातल्या कळेवर टिचकी मारून अक्षर भरायचे. तयार झालेला कळफलक विंडोजच्या यादीत इतरांसारखाच बसतो आणि पार्श्वभूमीवर काहीही चालू ठेवावे लागत नाही. मात्र तो बसवायला संगणकाचे प्रशासकीय अधिकार लागतात, आणि मागचे अक्षर पाहून पुढचे ठरवणे त्याला जमत नाही.

ते जमते कीमन या कळफलक घडवण्याच्या दुसऱ्या साधनाला. ‘अ’नंतर चंद्र आला तर दोन्ही काढून ‘ॲ’ ठेव, असा नियम त्यात लिहिता येतो, म्हणजे जुनी सवय तशीच राहते आणि मजकूर मात्र शुद्ध उतरतो. तोच कळफलक मॅकवर, लिनक्सवर आणि अँड्रॉइड फोनवरही चालतो. ऑटोहॉटकी विंडोजच्या बाहेर पाऊल टाकत नाही. आणखी एक अडचण: उच्चारानुसार रोमन कळांनी मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत त्या स्क्रिप्टला दिसतात त्या दाबलेल्या रोमन कळा, पडद्यावर जुळलेले देवनागरी अक्षर नव्हे. त्यामुळे मराठी लघुरूप टंकले की पूर्ण शब्द उमटावा, अशा युक्त्या तिथे भलतीकडेच जातात.

डावखुरा

रफार यांनी इनस्क्रिप्टच्या शिस्तीचे जे कौतुक केले, त्यातच माझी अडचण आहे. माझा उजवा हात चालत नाही. स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे ही रचना दोन हात आलटून पालटून चालतील असे गृहीत धरते. एका हाताने प्रत्येक काना-मात्रेसाठी कळफलकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावे लागते. स्पेसबार दाबून धरला की उजवी बाजू आरशातल्यासारखी डावीकडे यावी, अशी स्क्रिप्ट मी वापरतो. ती प्रमाणित नाही, पण तिच्यावाचून मी लिहूच शकलो नसतो.

रफार

डावखुरा, आपल्या बाबतीत माझा आक्षेप लागू होत नाही, आणि मानक आखणाऱ्यांनीच एका हाताची सोय आधी करायला हवी होती. पण दोन्ही हात धड असलेल्या लेखकाने अपवादाच्या आडोशाने सवय बिघडवून घेऊ नये, हे मी अजूनही म्हणेन. कीमनचा नियम मला त्यातल्या त्यात पटतो, कारण तो बोटांना काहीच नवे शिकवत नाही.

कार्यालयीन

ज्यांना तरीही ऑटोहॉटकीच वापरायचे आहे त्यांच्यासाठी: डिसेंबर २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि आज्ञांची लेखनपद्धती बदलली. पहिल्या आवृत्तीत मजकूर उघडा लिहिला जाई, आता तो अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. इंटरनेटवर मिळणारी बरीच उदाहरणे जुन्या पद्धतीची आहेत आणि नव्या आवृत्तीत ती पहिल्याच ओळीला अडतात. फाइलच्या माथ्यावर कोणती आवृत्ती लागते ते नमूद करावे आणि देवनागरी मजकूर असल्यास फाइल यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतच जतन करावी, अन्यथा ‘ॲ’च्या जागी अगम्य चिन्हे उमटतात.