मदत हवी आहे: कोरलेल्या नक्षीची जमीन काळी होत नाही (तातडीचे)

खटपट्या
चार दिवस डोकं फोडतोय. डब्याच्या झाकणावर हाताने वेलबुट्टी कोरली आहे. वेल चकचकीत आणि मधली खोलगट जमीन काळी, असं हवंय. लिव्हर ऑफ सल्फरचे (धातू काळा करणारं गंधकाचं रसायन) खडे मागवले, पाण्यात विरघळवले, झाकण बुडवलं. मातकट पिवळा रंग आला, तोही ठिपक्याठिपक्यांनी. बोटाने पुसला की गेला. दोनदा केलं. रविवारी मावशीची साठीशांत आहे. 'सोनाराकडे द्या' कृपया कुणी सांगू नका.

नवी_पेठ
झाकण कशाचं?

हुपरीचा_जावई
खडे शिळे असणार. हवा-उजेड लागला की त्यांचा जोर जातो. आमच्या सासरी पैंजण काळे करताना बघितलंय. पाणी गरम हवं, पण उकळतं नको, साठेक अंश पुरे. आधी पिवळं, मग तांबूस, मग निळं, मग काळं. घाईने द्रावण दाट केलंत तर जाड थर बसतो आणि पापुद्रे निघतात. त्यापेक्षा पातळ द्रावणात चार बुडव्या द्या, शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात टाका.

खटपट्या
पाणी गरमच होतं. खडे नवे आहेत.

नवी_पेठ
धातू???

माईची_खोली
एवढा उपद्व्याप कशाला? गरम उकडलेलं अंडं चिरा, झाकणासोबत पिशवीत घालून तोंड बांधा. माझी चांदीची कर्णफुलं एका रात्रीत काळी झाली. (मुद्दाम नव्हतं केलं.)

कोकम
पितळ-तांबं लख्ख करायचं तर चिंच आणि मीठ. पाच मिनिटं चोळून ठेवा, मग बघा.

खटपट्या
कोकम, मला काळं करायचंय हो! आणि धातू पितळ. पानाचा डबा म्हटल्यावर पितळच ना?

नवी_पेठ
पानाचा डबा तुम्ही आत्ता म्हणालात. असो. गंधक चांदीला आणि तांब्याला पटकन धरतं. पितळेत जस्त असतं, तिथे ते असंच मातकट येतं. म्हणजे खड्यांचा दोष नाही, जावईबापू. आता ठिपके का आले ते सांगा. कोरताना कलमेला काय लावत होता?

खटपट्या
खोबरेल. घसरू नये म्हणून उलट कमीच लावलं होतं.

नवी_पेठ
मग तेच. जिथे तेल राहिलं तिथे द्रावण पोचलंच नाही. शिवाय बाजारातल्या डब्यांवर लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निशचा थर, असतं. पाण्याचा थेंब टाका. गोळा होऊन बसला तर अजून तेल किंवा लॅकर आहे.

रसायन_मास्तर
पितळेसाठी थंड काळं करणारं सेलेनियमचं द्रावण मिळतं, बंदुकीच्या भागांना वापरतात तसलं. ब्रशने लावा, दोन मिनिटांत काळं. मग वरचा उठाव ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट ठोकळ्यावर घासा, खोलातलं काळं तसंच राहतं.

माईची_खोली
पानाच्या डब्याला सेलेनियम? मावशीला मारताय का?

रसायन_मास्तर
झाकणाच्या बाहेरून हो माई. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून.

बिदरवाला
बिदरीसारखं करा ना, काळ्या धातूवर चांदीची नक्षी असते तसं. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर. कारागीर माती जिभेवर ठेवून पारखतात.

नवी_पेठ
बिदरीचा धातू बहुतेक जस्तच, तांबं नावाला. ती माती त्याला काळं करते, वरची चांदी पांढरी राहते. पितळेला तसला रंग यायचा नाही. आणि किल्ला उकरायला कोण जाणार?

खटपट्या, रविवारपर्यंत जमेल असा एकच मार्ग दिसतो: काळा ऑइल पेंट. ट्यूबमधला नको, तो वाळायला दिवस घेतो. हार्डवेअरच्या दुकानातला इनॅमल घ्या. आधी थिनरने झाकण दोनदा पुसा. रंग बोटाने जमिनीत दाबून भरा. थोडा आवळला की जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर कापड ताणून वरून एकच हात फिरवा. मऊ बोळा घेतलात तर तो खोलात शिरून रंग उचलतो. जमीन गुळगुळीत आहे का?

खटपट्या
आरशासारखी. दोन रात्री घासली.

नवी_पेठ
तिथेच चुकलं. खिळ्याचं टोक गोल करून जवळजवळ ठिपके ठोका. रंगाला धरायला जागा मिळते आणि काळा चमकत नाही.

हुपरीचा_जावई
मुरादाबादी पितळेत लाख भरतात, रंग नाही.

खटपट्या (शनिवार रात्र)
झालं. ठिपके ठोकताना हात घसरला, एका पानाला खोक पडली. तिथे रंग घुसला, थिनरने काढायला गेलो तर शेजारचाही निघाला. दुसरा हात दिला. आता जमीन काळी आहे, थोडी मोरपिसासारखी दाणेदार, छान दिसतेय. वास मात्र जात नाही.

माईची_खोली
झाकण रात्रभर पंख्याखाली ठेवा. उद्या डबा रिकामाच द्या, पानं नंतर.

कोकम
आणि मावशींना आधीच सांगून ठेवा. दिवाळीला चिंच लावून बसतील.