हायब्रिडची बॅटरी कधी फुल का दिसत नाही?

रंकाळाकर:
मंडळी, दिवाळीत टोयोटाची हायरायडर स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणारी) घेतली. तेव्हापासून नजर सारखी डिस्प्लेवरच्या बॅटरीच्या कांड्यांवर. रोजच्या फिरण्यात त्या पूर्ण भरलेल्या दिसतच नाहीत. दसरा चौकात सिग्नलला एसी लावून थांबलो की बघताबघता खाली येतात आणि उभ्या गाडीत इंजिन चालू होतं. परवा आंबा घाट उतरताना उलटंच झालं. बॅटरी वरपर्यंत चढली, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन मोठ्यानं घुमायला लागलं. मागं बसलेली आई घाबरली. बॅटरी खराब आहे का? पेट्रोल वाया जातंय का?

उद्यमनगर_टर्नर:
दादा, बॅटरी ठणठणीत आहे, निर्धास्त राहा. माझ्याकडं हीच गाडी आहे आणि गगनबावड्याकडं कायम जाणं असतं.

ही बॅटरी आहे जेमतेम 0.76 युनिटची. इलेक्ट्रिक गाडीत 30-40 युनिटची असते. दुकानाच्या गल्ल्यासारखं समजा: द्यायला सुट्टे हवेत आणि येणारे ठेवायला जागाही हवी. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर तिला साधारण 40 ते 80 टक्क्यांच्या मध्येच खेळवतो. त्यानं आयुष्यही वाढतं. एसीचा कॉम्प्रेसर याच बॅटरीवर चालतो, म्हणून सिग्नलला चार्ज उतरतो आणि भर घालायला इंजिन उठतं.

आता घाट. उतारावर चाकं मोटर फिरवतात आणि त्यातनं वीज बनून बॅटरी भरते. दीड टनाची गाडी 500 मीटर खाली आली, तर हिशेबानं जवळपास दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. थोडी हवा आणि टायर खातात, तरी उरलेली एवढ्याशा बॅटरीत मावणार कुठं? निम्म्या घाटातच ती भरते. मग जादा वीज मोटरला देऊन गाडी तुमचं इंजिन नुसतं फिरवते, त्यात पेट्रोल सोडत नाही. तो आवाज इंजिन ब्रेकिंगचा, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरतं. आईंना एवढं नक्की सांगा, की त्या आवाजामुळंच ब्रेक थंड राहतायत. लांब उतारावर गिअर ‘बी’त (इंजिन ब्रेकिंगचा गिअर) टाका, पण सपाटीला तसाच ठेवू नका, फुकट मिळणारी वीज कमी होते.

कळंबा_रोड:
वरचं बरोबर आहे. एक भर घालतो, कारण ही सवय बऱ्याच जणांना जुन्या गाडीवरनं लागलेली असते: सिग्नलला ‘एन’मध्ये (न्यूट्रलला) टाकू नका. ‘एन’मध्ये इंजिन चालू असलं तरी हायब्रिड बॅटरी चार्ज होत नाही, आणि एसी तर ओढतच राहतो. ‘डी’त (पुढं जायच्या नेहमीच्या गिअरमध्ये) ठेवून ब्रेक दाबा, बास. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर काळजी 12 व्होल्टच्या साध्या बॅटरीची करा. ती उतरली की गाडी ‘रेडी’च (चालायला तयारच) होत नाही, मोठ्या बॅटरीत कितीही कांड्या असोत.

रंकाळाकर:
लई उपकार झाले. हा हिशेब आईला वाचून दाखवतो. ‘बी’ कुठं टाकायचा, आंबा गावातनं निघतानाच?

उद्यमनगर_टर्नर:
गावात गरज नाही. खरा उतार सुरू झाला की टाका, बॅटरी भरायची वाट बघू नका. साखरप्याच्या अलीकडं रस्ता सपाट झाला की परत ‘डी’.